नाक घेऊन ये

सुनीतीवहिनींच्या स्वयंपाकघरात चव घेऊन बघायची पद्धत नव्हती. रोजचं जेवणसुद्धा आधी देवापुढे ठेवायचं आणि मग ताटात घ्यायचं, त्यामुळे पळी तोंडाला लावणं हा प्रकारच नाही. त्यांच्या चिपळूणच्या सासूबाईंनी ही शिस्त लावली होती. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, चिपळूण सुटून त्याहून जास्त झाली, तरी स्लाऊच्या त्या सेमी-डिटॅच्ड घरात वहिनी हातावर आमटीचा थेंब टाकून कधी चाखत नसत. आणि तरी मीठ कमी नाही, जास्त नाही. आम्ही बायका त्यांची थट्टा करायचो. "वहिनी, तुमच्या हातात वजनकाटा आहे का?" त्या म्हणायच्या, "काटा नाही गं. भीती आहे. सासूबाईंची."

मी त्यांना भेटले २००१ साली. माझे यजमान, यतीन, सॉफ्टवेअरच्या कामासाठी इथे आले आणि मी पाठोपाठ आले. शिक्षण संगमनेरला, मराठी शाळेत. इंग्रजी वाचता यायचं, बोलायला गेलं की तोंड मिटायचं. पहिल्या सहा महिन्यांत मी बोलले असेन तर वहिनींशीच. त्यांचं घर आमच्या भाड्याच्या फ्लॅटपासून दोन बसथांब्यांवर. त्यांचे यजमान डॉक्टर शशिधर मोघे हाडांचे डॉक्टर, हॉस्पिटलात कन्सल्टंट. मुलगा मिहीर एक, तेव्हा शेवटच्या वर्षाला होता, पुढे एडिनबराला नोकरीला लागला.

वहिनी लग्नाआधी रत्नागिरीला बँकेत होत्या. अठ्ठ्याहत्तर साली इकडे आल्या, आणि मग उरला तो स्वयंपाक. डॉक्टरांना हॉस्पिटलच्या कॅन्टीनचं चालत नसे. सँडविचला ते "ओला पाव" म्हणायचे. म्हणून पंचवीस वर्षं रोज डबा. भाजी, पोळी, कोशिंबीर, ताकाची बाटली. हे सांगताना वहिनींच्या आवाजात तक्रार नसायची, थोडा अभिमानच असायचा. डॉक्टरही चारचौघांत कौतुक करायचे. "आमच्या सुनीतीच्या हातचं खाल्लं की बाहेरचं नको वाटतं," असं म्हणायचे आणि दुसऱ्यांदा आमटी घ्यायचे. चांगलं चाललेलं घर होतं ते. मिहीर सुट्टीत आला की आपल्या मोडक्या मराठीत म्हणायचा, "आई, तुझा कढी इज द बेस्ट. कसला भारी झाला आहे." आणि वहिनी हसत हसत, "झाली आहे रे बाबा, कढी बाई आहे," असं म्हणून अजून एक वाटी ओतायच्या. हेही मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की त्या घरात सुख नव्हतंच.

दोन हजार तीनच्या जानेवारीअखेरीस मोठा बर्फ पडला, तो इथल्या सगळ्यांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बर्फ घट्ट होऊन काचेसारखा झाला होता. डॉक्टर चालत हॉस्पिटलला गेले आणि डबा ओट्यावर राहिला. तिथून फोन आला. "डबा राहिला. आज दिवसभर ऑपरेशन थिएटरला आहे, मध्ये बाहेर पडता येणार नाही."

गाडी ड्राइव्हमधून निघेना. वहिनी डबा घेऊन चालत निघाल्या. हॉस्पिटलच्या फाटकाशी पाय सरकला, आणि डोक्याची मागची बाजू फुटपाथच्या कडेवर आपटली. डबा हातातच होता. वहिनी नेहमी सांगायच्या, "झाकणसुद्धा उघडलं नाही गं, ताक सांडलं नाही." उठल्या, आत गेल्या, आधी रिसेप्शनला डबा दिला, मग सांगितलं की मी पडले. दोन ऑपरेशनांच्या मधे डॉक्टर खाली आले. डोळ्यांत टॉर्च मारला, मान, खांदा, मनगट दाबून बघितलं. म्हणाले, "हाड मोडलेलं नाही. नशीब." दोन तास बसवून ठेवलं आणि सोडलं.

चौथ्या दिवशी वहिनींच्या लक्षात आलं की हिंग करपला आणि त्यांना कळलं नाही. त्यांनी डबा उघडून हिंगाचा वास घेतला. काही नाही. कॉफीची बरणी उघडली, काही नाही. देवापुढच्या उदबत्तीवर तोंड नेलं, तर डोळ्यांत धूर गेला, वास नाही.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, मला कसलाच वास येत नाहीये."

डॉक्टर बातम्या बघत होते. म्हणाले, "सर्दी असेल. येईल." आणि मग, "भाजी वाढ थोडी."

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला कळलं अडीच वर्षांनी, २००५ च्या उन्हाळ्यात. एका सकाळी मी त्यांच्याकडे कोथिंबीर द्यायला गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि गॅसचा वास नाकातोंडात शिरला. वहिनी ओट्याशी उभ्या, अथर्वशीर्ष म्हणत पोळ्यांची कणीक मळताहेत. मागच्या बर्नरवर दूध उतू जाऊन आच विझलेली, बटण चालू. मी ओरडले, "वहिनी, गॅस!" धावत जाऊन बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना हाताला धरून बागेत आणलं. त्या मात्र कणकेचे हात धरून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला वास नाही आला?" मी विचारलं.

त्या एकदम खालीच बसल्या, तिथल्या तिथे, पायरीवर. आणि रडू लागल्या. मला वाटलं घाबरल्या. पण नंतर त्या म्हणाल्या, "अडीच वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

मग सगळं सांगितलं. खाताना फक्त खारट, आंबट, गोड, तिखट एवढं कळतं, बाकी सगळं ओला पुठ्ठा. आंबा म्हणजे गोड ओला पुठ्ठा. मी म्हटलं, "अहो, घरात डॉक्टर! आजच्या आज सांगा."

"सांगितलंय. एकदा."

"मग परत सांगा."

"नाही." वहिनींनी पदराने नाक पुसलं. "आता ते विचारतील तेव्हा. पंचवीस वर्षं मी त्यांचा चेहरा बघून सांगते, आज डोकं दुखतंय का, आज पेशंट गेला का. त्यांनी एकदा विचारावं. 'सुनीती, तुला वास येतो का गं आता?' एवढंच. सात-आठ शब्द."

"हा हट्ट झाला, वहिनी."

"असू दे. एकच केलाय."

मी त्यांना शपथ घातली की गॅसचं तरी काही करा. त्यांनी केलं. इलेक्ट्रिकची शेगडी, म्हणजे हॉब, बसवून घ्या असं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तूच म्हणाली होतीस ना, इलेक्ट्रिकवर फुलके फुगत नाहीत?" वहिनी म्हणाल्या, "आता नाही फुगले तरी चालतील." डॉक्टरांनी खांदे उडवले आणि माणूस बोलावून हॉब बदलून दिला. काय बदललं, का बदललं, विचारलं नाही. वहिनींनी मला फोनवर हे सांगितलं आणि वर हसल्या. "बघ, फुलकेसुद्धा सोडले मी. तरी नाही."

लग्नाच्या वाढदिवसाला डॉक्टरांनी एका कॉन्फरन्सहून येताना सेंटची बाटली आणली. महागाची. वहिनींनी मनगटाला लावली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "छान आहे." ती बाटली देव्हाऱ्याच्या खालच्या खणात तशीच होती.

तर तेव्हापासून मी त्यांचं नाक झाले.

म्हणजे रोजच्या स्वयंपाकाला त्यांना माझी गरज नव्हती. त्यांनी स्वतःला नव्याने शिकवलं होतं. हे मी त्यांच्याशेजारी उभं राहून बघितलं, आणि खरं सांगते, माझा निम्मा स्वयंपाक मी तिथे शिकले. तूप कढतं तेव्हा बडबड करतं; झालं की गप्प होतं. त्या गप्प होण्याकडे कान लावायचा. बेसन भाजताना आधी उलथनं जड लागतं, मग तूप सुटलं की हलकं होतं. हिंग घातल्यावर एक, दोन, आणि लगेच पाणी. दूध नासलंय का हे बघायला पळीभर वेगळं उकळून बघायचं. भाजी बोटाने दाबून. चव तर आधीही घेत नव्हत्याच, त्यामुळे कुणाला काही फरक दिसला नाही. महाराष्ट्र मंडळाच्या बायका तशाच "वहिनी, वजनकाटा!" म्हणत राहिल्या.

पण सणाचं काही असलं, तेलातुपाचं, सुक्या मेव्याचं, की फोन यायचा. "रेखा, मोकळी आहेस का? जरा ये. नाक घेऊन ये."

मी जायचे. शेंगदाण्याचं कूट हुंगायचे, तेलाची बाटली हुंगायचे, काजू हुंगायचे. "चांगलंय." "हे टाका." त्या समोर उभ्या राहून माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या, जणू माझ्या चेहऱ्यावरून त्यांना वास येणार आहे. कधी म्हणायच्या, "नुसतं चांगलंय म्हणू नको. कसा आहे ते सांग." मग मी सांगायचे. "वेलदोडा आहे ना, तो संगमनेरच्या आमच्या वाण्याच्या दुकानासारखा." त्या डोळे मिटून ऐकायच्या. "हां. हां. आठवला."

मी दोन-तीनदा म्हटलं, मी सांगू का डॉक्टरांना? त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस तर माझ्याकडे येऊ नकोस." म्हणून गप्प बसले. देवापाशी मात्र रोज म्हणायचे, बाबा रे, त्या माणसाला एकदा विचारायची बुद्धी दे. माझं मागणं लहान होतं. का पोचलं नाही, ते त्यालाच माहीत.

दोन हजार सातचा गणपती शनिवारी आला, पंधरा सप्टेंबरला. मोघ्यांच्या घरचा गणपती म्हणजे स्लाऊ, ईलिंग सगळीकडून माणसं. पूजा सकाळी व्हायची. पण मोदकांचा नैवेद्य आणि आरती संध्याकाळी, सगळे जमल्यावर. एरवी आठवड्याच्या मधला वार असला तर लोक कामावरून सुटून यायचे, त्यांच्यासाठी पडलेली रीत. गणपतीनेही ही तडजोड बारा-तेरा वर्षं चालवून घेतली होती.

वहिनी नैवेद्याला फ्रोझन खोबरं वापरत नसत. ताजे नारळच लागायचे. आता इथल्या दुकानातले नारळ म्हणजे लॉटरी. बाहेरून सगळे सारखे. फोडल्यावर एखादा चांगला निघतो, एखादा कुजका, आणि एखादा दिसायला पांढराशुभ्र पण आतून खवट. तो खवट डोळ्याला कळत नाही, बोटाला कळत नाही, कानाला तर नाहीच. तो नाकालाच कळतो.

त्या दिवशी सकाळी सातला फोन. "रेखा, सहा नारळ फोडून खोवून ठेवलेत. नाक घेऊन ये."

मला दोन दिवसांपासून सर्दी होती. साधी नव्हे, नाक पूर्ण चोंदलेलं, घसा बसलेला. मी तेव्हा ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका वेअरहाऊसमध्ये पॅकिंगला जात होते आणि शनिवारची शिफ्ट दहाची होती. सर्दी आहे असं सांगितलं असतं तर दुसरं कुणीतरी बोलवावं लागलं असतं. आणि त्या दुसऱ्या कुणाला सगळं सांगावं लागलं असतं. किंवा पुन्हा बाजारात जाऊन नारळ आणा, फोडा, खोवा. हे सगळे विचार मी बसमध्ये केले. खोटं कशाला बोलू, त्यातला मोठा विचार हाच होता की मला उशीर होत होता.

परातीत खोबऱ्याचा ढीग होता. पांढरा, मोकळा. वहिनी सोवळ्याची साडी नेसून समोर उभ्या. मी वाकले, श्वास ओढला. नाकात काहीच गेलं नाही.

"छान आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो वहिनी. एकदम ताजं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं, असं आता वाटतं. मग म्हणाल्या, "बरं. पळ तू. आरतीला ये."

संध्याकाळी साडेसहाला मी आणि यतीन गेलो. तीसेक माणसं. हॉलमध्ये चादरी अंथरलेल्या, मिहीर एडिनबराहून आलेला, झांजा त्याच्या हातात. आरती जोरात झाली. वहिनींनी एकट्यांनी एकशे एक मोदक केले होते. कळ्या इतक्या सारख्या की मोजून घ्याव्यात. एकवीस देवापुढे ठेवले, डोळे मिटून पाणी फिरवलं. मग बाकीचे ताटांत घालून फिरवायला घेतले. डॉक्टर मध्ये खुर्चीवर बसले होते. पहिला मोदक नेहमीप्रमाणे त्यांना. वर तुपाची धार.

मी मोदक फोडला. संध्याकाळपर्यंत माझं नाक थोडं सुटलं होतं. गूळ, वेलदोडा, जायफळ, आणि त्याखाली तो वास. साबणासारखा. जुन्या तेलाच्या डब्यासारखा.

एका लहान मुलीने तोंडातला घास पेपर नॅपकिनमध्ये काढला. तिच्या आईने तिला चिमटा काढला आणि स्वतःचा मोदक हळूच ताटलीच्या कडेला सरकवला. मराठी माणसं प्रसादाला नावं ठेवत नाहीत. सगळे गिळत होते. मिहीर म्हणाला, "आई, हा मोदकमध्ये... समथिंग साबण आहे?" आणि लोक कसनुसं हसले.

तेव्हा डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "अगं, खोबरं खवट आहे हे! एवढा वास मारतोय. तुला वास नाही आला?"

वहिनी ताट घेऊन हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. चार वर्षांहून जास्त ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो असा आला. तीस माणसांत, तोंड वाकडं करून.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही आला. मला वास येत नाही. साडेचार वर्षं झाली."

कुणीतरी हसलं, त्याला थट्टा वाटली.

"काय बोलतेस तू?" डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "साडेचार वर्षं? आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. पडले त्याच्या चौथ्या दिवशी. तुम्ही बातम्या बघत होतात. म्हणालात, सर्दी असेल."

"मला नाही आठवत."

"मला आठवतंय." वहिनींचा आवाज चढला नव्हता. जेवायला या म्हणावं तशा बोलत होत्या. "नंतर भाजी वाढ म्हणालात. दुधीची होती."

मग त्यांनी ताट खाली ठेवलं, देवापुढे गेल्या, एकवीस मोदकांचं ते ताट उचललं आणि आत नेलं. मी मागोमाग गेले. ओट्याशी उभ्या राहून त्या एकेक मोदक डब्यात घालत होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "त्याला खवट खायला घातलं गं मी." आणि गणपतीच्या दिशेने हात जोडले. डॉक्टरांबद्दल एक शब्द नाही. मीही माझ्या सर्दीबद्दल एक शब्द बोलले नाही. ती वेळ होती सांगायची. मी नाही सांगितलं.

बाहेर माणसं चपला शोधत होती.

पुढे डॉक्टरांनी सगळं केलं, हे म्हटलं पाहिजे. आठ दिवसांत ओळखीच्या स्पेशालिस्टकडे नेलं. तिथे वासाच्या कागदांची एक वही असते, खरवडायचं आणि ओळखायचं. वहिनींनी चाळीस पानं खरवडली. चाळीस वेळा "काही नाही" म्हणाल्या. निदान असं झालं की डोकं आपटलं तेव्हा नाकाच्या वरच्या बारीक नसा तुटल्या, आणि त्यावर उपाय नाही. तेव्हा लगेच कळलं असतं तरी नव्हता.

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी धरून ठेवलं. दिवाळीला आमच्याकडे आले तेव्हा यतीनला म्हणाले, "आय आस्क्ड हिम स्पेसिफिकली. तेव्हा कळलं असतं तरी काही करता आलं नसतं." चकलीचा तुकडा मोडत म्हणाले. चेहरा मोकळा झालेला. वहिनी माझ्याबरोबर ताटल्या मांडत होत्या. मला म्हणाल्या, हळू, "सुटले बघ."

घरात धुराचे अलार्म लागले. पीठ, तेल, मसाला, प्रत्येक डब्यावर डॉक्टरांनी स्वतः काळ्या मार्करने तारखा घातल्या. आणि एक नवीन सुरू झालं. जेवायला बसले की ते प्रत्येक गोष्टीचा आधी वास घ्यायचे. वाटी उचलायची, नाकाशी न्यायची, क्षणभर थांबायचं, मग खाली ठेवून जेवायला लागायचं. आमटी, भाजी, ताक. पोळीसुद्धा. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. काळजीच होती ती त्यांच्या मते.

मी एकदा दुपारी तिथे होते, रविवारी. वहिनींनी मुगाची खिचडी केली होती, वर तूप. डॉक्टरांनी ताटली उचलली, हुंगली, माझ्याकडे बघून म्हणाले, "रेखा, तूही जरा बघ गं, तूप ठीक आहे ना?"

वहिनी म्हणाल्या, "सकाळी कढवलंय."

"हो, पण तुला कसं कळणार?"

वहिनींनी हात पुढे केला आणि त्यांच्यासमोरची ताटली उचलली. रागाने नाही. मोलकरीण उष्टं उचलते तशी. आत नेली. फ्रीझरचं दार उघडल्याचा आवाज आला, मग मायक्रोवेव्हचा. पाच मिनिटांनी त्या सुपरमार्केटचा डबा घेऊन आल्या, शेफर्ड्स पाय म्हणजे खिमा-बटाट्याचा इंग्रजी प्रकार, मिहीर आला की त्याच्यासाठी ठेवलेला असायचा तो. डब्यावरची तारीख बोटाने दाखवली. "हे बघा. छापलेली आहे."

डॉक्टर म्हणाले, "काय हा पोरकटपणा, सुनीती."

वहिनींनी खिचडीची वाटी देवापुढे ठेवून आणली होती, ती घेऊन माझ्याशेजारी बसल्या आणि जेवल्या.

तो पोरकटपणा आजपर्यंत चालू आहे. दोन वर्षं होत आली. वहिनी सकाळी एक वाटी वरणभात करतात, देवाला दाखवतात, ती खातात. डॉक्टरांसाठी फ्रीझर भरलेला असतो. ते आता निवृत्त आहेत. दुपारी स्वतःच काढतात, गरम करतात, वरचा प्लॅस्टिकचा पडदा सोलतात, आणि सवयीने त्याचाही वास घेतात. ज्याला सँडविच म्हणजे ओला पाव वाटायचा, तो माणूस. पहिल्या महिन्यात त्यांनी मला दोनदा फोन केला. "रेखा, तू सांग तिला काहीतरी. मी सॉरी म्हटलंय." मी विचारलं, "कशासाठी सॉरी म्हणालात, डॉक्टर?" ते म्हणाले, "अगं, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ना." मग मी काही सांगायला गेले नाही.

आणि मला तरी काय तोंड होतं? त्या डिसेंबरात, दत्तजयंतीला, मी शेवटी गेले. तीन महिने पोटात ठेवलेलं सांगायला. त्या ओट्याशी तूप कढवत होत्या, देवाच्या निरांजनापुरतं. मी म्हटलं, "वहिनी, गणपतीच्या दिवशी मला सर्दी होती. मला काही वास आला नव्हता. मी तशीच छान म्हणाले."

त्यांनी वळून बघितलं नाही. कान तुपाकडे होता.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"सकाळी फोनवर तुझा घसा बसलेला होता. आलीस तेव्हा तोंडाने श्वास घेत होतीस. मला वास येत नाही, ऐकू येतं."

"मग विचारलंत कशाला? नक्की का, म्हणून?"

"वाटलं, सांगशील." त्यांनी हॉब बंद केला. तूप गप्प झालं होतं. "छान म्हणालीस. मग वाटलं, येत असेल हिला. आपली माणसं इतक्या सहज कशाला खोटं बोलतील. आणि मग दिवसभर सारण ढवळताना मला ते आठवत राहिलं. सर्दी असेल, येईल. तसंच म्हणालीस तू. त्याच आवाजात."

मला रडू आलं. त्या आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. हात गरम होता, तुपाचा. मला वाटलं, माफ केलं. त्यांनी गाळणीतून तूप गाळलं, बेरीत साखर घालून माझ्या हातावर ठेवली, लहान मुलीला देतात तशी. खमंग होती. तो खमंगपणा त्यांना सांगावा म्हणून मी तोंड उघडलं, नेहमीसारखं, की कसा आहे, कशासारखा आहे.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "येत जा गं मधून मधून. कंटाळा येतो मला. पण नाक घरी ठेवून ये."